घरात पॅलिओ आहार आणि मुलांचे ताट: सीमारेषा कुठे आखावी?

अबोली

नमस्कार. हा धागा काढण्यापूर्वी मी बरेच दिवस थांबले, कारण माझा प्रश्न आहाराचा आहे की घरातल्या माणसांचा, हे माझे मलाच उमगत नव्हते.

आम्ही पुण्यात राहतो. घरात मी, नवरा, सासूबाई, आठ वर्षांचा मुलगा आणि चार वर्षांची मुलगी. मागच्या वर्षी नवऱ्याच्या रक्ततपासणीत एचबीएवनसी (मागच्या दोन-तीन महिन्यांतली रक्तातली सरासरी साखर दाखवणारा आकडा) 6.1 निघाले, म्हणजे मधुमेह उंबरठ्यावर येऊन ठेपला होता. त्याने डॉक्टरांशी बोलून पॅलिओ, म्हणजे अश्मयुगीन माणसासारखा, आहार सुरू केला. धान्ये, कडधान्ये, दूधदुभते, साखर आणि पाकीटबंद पदार्थ बंद झाले आणि अंडी, मासे, मटण, भाज्या, कंद, फळे व सुका मेवा एवढेच राहिले. आठ महिन्यांत त्याचे वजन नऊ किलोने उतरले, आकडा 5.6 वर आला आणि दुपारची सुस्ती पार गेली. त्याच्या निश्चयाचे मला मनापासून कौतुक आहे. मीही आता बरीचशी तशीच जेवते.

गेल्या रविवारी सासूबाई धाकटीसाठी वरणभात कालवत होत्या. गरम भाताची मूद फोडायची, वर वरण आणि तूप घालायचे, लिंबाचे चार थेंब पिळायचे आणि शीत वेगळे दिसणार नाही इतके बोटांनी मऊ करायचे, ही त्यांची नेहमीची पद्धत. पहिला घास त्यांनी मोठ्याच्या तोंडाशी नेला, कारण तो लहान असल्यापासून पहिला घास त्याचाच असतो. त्याने मान फिरवली आणि अगदी शांतपणे म्हणाला, "आजी, भात खाल्ला की माणूस आजारी पडतो. छोटीलाही देऊ नकोस." सासूबाईंनी तो घास ताटात परत ठेवला. त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत.

असे काही आम्ही मुलाला कधीच शिकवले नव्हते. जेवताना चाललेल्या आमच्या गप्पांतून त्याने ते उचलले. नवऱ्याचे म्हणणे असे की मुलांनाही पूर्णपणे याच आहारावर आणावे, म्हणजे घरात दोन नियम राहणार नाहीत. माझे मन त्याला तयार होत नाही. चार आणि आठ वर्षांच्या मुलांना हा आहार मानवतो का? आणि मुलाच्या मनात जे बसले आहे ते कसे काढावे? कृपया अनुभव सांगा.

मेलबर्नकर

आम्ही चौघे गेली पाच वर्षे हा आहार पाळतो, म्हणून सविस्तर लिहितो. आमच्या मुली सुरुवातीला सहा आणि नऊ वर्षांच्या होत्या. इथल्या शाळेच्या डब्यात त्यांचे खाणे म्हणजे पाव, बिस्किटे, साखरेचे दही आणि फळांच्या रसाचे खोके असे झाले होते. आता डब्यात उकडलेले अंडे, भाजलेले रताळे, काकडी, आदल्या रात्रीचे चिकन आणि एखादे फळ असते. मुली स्वतः डबा भरतात, मासा साफ करायला शिकल्या आहेत आणि बाजारात भाजी हाताने पारखून घेतात.

एकाच घरात दोन स्वयंपाक चालवणे हे बाईच्या जिवावर येते आणि मुलांनाही त्यातून संभ्रमच मिळतो, असे मला वाटते. जे घरात शिजते तेच सगळ्यांनी खावे, ही आपली जुनीच रीत आहे. मात्र आम्ही एक गोष्ट पहिल्या दिवसापासून कसोशीने पाळली: दुसऱ्याच्या घरी गेल्यावर जे ताटात वाढले जाईल ते खायचे आणि वाढणाऱ्याला नावे ठेवायची नाहीत. तुमच्या मुलाने आजीला जे म्हटले, त्याचे मूळ मला आहारात दिसत नाही, आहाराविषयी घरात जे बोलले गेले त्यात दिसते.

गोदाकाठ

मी नाशिकला आहारतज्ज्ञ म्हणून काम करते आणि माझ्याकडे येणाऱ्यांत मुलेच अधिक असतात. अबोली, तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर आधी देते.

साखर, मैदा आणि पाकिटातले पदार्थ गेले तर मुलांचे भलेच होईल, यात दुमत नाही. अडचण येते ती दूध, कडधान्ये आणि धान्ये एकाच वेळी काढल्यावर, आणि त्यातही सर्वांत आधी कॅल्शियमची. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या 2020 च्या शिफारशींनुसार चार ते सहा वर्षांच्या मुलाला रोज 550 मिलिग्रॅम आणि सात ते नऊ वर्षांच्या मुलाला 650 मिलिग्रॅम कॅल्शियम लागते. दहाव्या वर्षानंतर ते 850 वर जाते. गाईच्या 100 मिलिलिटर दुधात सुमारे 120 मिलिग्रॅम असते, म्हणजे दोन पेले दूध आणि एक वाटी दही यांत लहानग्यांची गरज जवळजवळ भागते. नाचणीच्या 100 ग्रॅममध्ये साधारण 350 मिलिग्रॅम असते, पण नाचणी धान्य असल्याने पॅलिओत चालत नाही. दुधाऐवजी नारळाचे दूध देणारे पालक मला भेटतात. त्यात स्निग्धता भरपूर असली तरी कॅल्शियम अगदी थोडे असते.

मग उरते काय? सालासकटचे तीळ, ज्यांच्या 100 ग्रॅममध्ये हजार मिलिग्रॅमहून अधिक कॅल्शियम असते, पण मूल दिवसाला खाणार दहा ग्रॅम. शेवग्याचा पाला, ज्यात सुमारे 300 मिलिग्रॅम असते, पण चार वर्षांची मुलगी तो वाटीभर खाईल का, हे तुम्हीच सांगा. काट्यासकट खाता येणारे लहान मासे. पालकावर विसंबू नका, कारण त्यातल्या ऑक्झलेटमुळे त्याचे कॅल्शियम अंगाला फारसे लागत नाही.

दुसरी गोष्ट ऊर्जेची. मोठ्या माणसाला पोट लवकर भरणे आणि भूक कमी लागणे हा या आहाराचा लाभ वाटतो, कारण त्याला वजन उतरवायचे असते. वाढत्या मुलाच्या बाबतीत तोच लाभ तोटा ठरू शकतो. लहानशा पोटात पुरेसे उष्मांक जायला भातावरच्या तुपाचीही मदत होते. वाढीच्या तक्त्यावर उंची आणि वजन दर तीन महिन्यांनी मांडल्याशिवाय कोणत्याही मुलाच्या आहारातून असे गट काढू नयेत, असे मी प्रत्येक पालकाला सांगते.

आणखी दोन सावधगिरीच्या सूचना. साखरेऐवजी मध वापरणाऱ्या घरांत एक वर्षाच्या आतील बाळाला मधाचे बोटही लावू नये, कारण त्यातून बोट्युलिझम हा जीवघेणा आजार होऊ शकतो. आणि कलेजी लोहासाठी उत्तम असली तरी लहान मुलांना वरचेवर देऊ नये. त्यातले अ जीवनसत्त्व शरीरात साठत जाते.

मेलबर्नकर

गोदाकाठ, आकड्यांबद्दल आभार. आमच्या मुली डॉक्टरांच्या देखरेखीखाली आहेत आणि तारली व तीळ हे आमच्या घरी रोजचे आहेत. तरीही खरे सांगायचे तर, मोठीच्या दहाव्या वर्षी तिच्या डॉक्टरांनी दूध पुन्हा सुरू करा असे सुचवले आणि आम्ही ते ऐकले. हे पहिल्या प्रतिसादातच लिहायला हवे होते.

खापर

मी पुरातत्त्वाचा विद्यार्थी होतो, म्हणून या आहाराच्या नावामागे जो दावा आहे त्याबद्दल लिहितो. बॉइड ईटन आणि मेल्विन कॉनर या दोन अमेरिकन संशोधकांनी 1985 साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये अश्मयुगीन पोषणावर लेख लिहिला आणि तेव्हापासून हा विचार वैद्यकात गंभीरपणे चर्चिला जाऊ लागला. मूळ युक्तिवाद असा की आपले शरीर शिकार आणि वेचणीच्या दीर्घ काळात घडले, शेती फार अलीकडची, म्हणून शेतीचे अन्न आपल्याला मानवत नाही.

युक्तिवादाचा पहिला भाग बरोबर आहे, पण वेचणी करणारा माणूस धान्य खात नव्हता, हे मात्र उत्खननांतून टिकत नाही. इस्राएलमध्ये गॅलिली सरोवराच्या काठी ओहालो येथे सुमारे 23,000 वर्षांपूर्वीच्या वस्तीत दळायच्या दगडावर रानटी जवाचे पिष्टकण सापडले आहेत. इटलीत बिलान्चिनो येथे तर 30,000 वर्षांपूर्वीच्या दगडांवर पाणवनस्पतींच्या मुळांचे पीठ केल्याच्या खुणा आहेत. शेती येण्याच्या कितीतरी आधीपासून माणूस दळत होता.

आपल्याकडचे पाहायचे तर शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. डेक्कन कॉलेजने 1968 ते 1983 या काळात तिथे उत्खनन केले. साडेतीन हजार वर्षांपूर्वीचे ते शेतकरी जव पिकवत, गुरे पाळत, मासे आणि हरणेही खात. दगावलेल्या लहान मुलांना ते दोन रांजण तोंडाला तोंड लावून त्यांत ठेवत आणि घराच्या जमिनीखालीच पुरत. मुलांबद्दल लिहिताना मला ते रांजण नेहमी आठवतात. जुन्या काळचे जीवन निरोगी होते असे आपण सहज म्हणतो. त्या घरांच्या जमिनीखाली काय होते तेही पाहायला हवे.

अबोली, तुमच्या यजमानांना या आहाराचा गुण आला हे खरेच आहे आणि त्यासाठी अश्मयुगाची साक्ष काढण्याची गरज नाही. पण "भात माणसाचे अन्नच नव्हे" असे विधान आठ वर्षांच्या मुलासमोर सिद्धांत म्हणून मांडले जात असेल, तर ते थांबवावे.

सायली_ठाणे

शाकाहारी घरात कडधान्येही काढली तर मुलांना प्रथिने कुठून देणार, याचे समाधानकारक उत्तर मला आजवर कोणी दिलेले नाही. आम्ही महिनाभर प्रयत्न केला, बदाम आणि खोबऱ्यावर मुलाचे पोट बिघडले आणि मोड आलेली मटकी पुन्हा घरात आली.

दुर्वांकुर

माझा अनुभव निराळ्या वाटेचा आहे. माझ्या मुलीला सीलिअॅक आजार आहे, म्हणजे गहू आणि जवातल्या ग्लुटेनने तिच्या आतड्याला इजा होते. निदान झाले तेव्हा ती पाच वर्षांची होती. पोट फुगलेले, हातपाय काड्यांसारखे आणि उंची वर्षभर तसूभरही वाढलेली नव्हती. तिच्यासाठी गहू जन्मभर बंद आहे. भात, ज्वारी, बाजरी आणि नाचणी ती आनंदाने खाते.

या धाग्यावर येणाऱ्या पालकांना एक विनंती आहे. मुलाचे पोट सतत बिघडत असेल, तर आधी रक्ततपासणी करा आणि मगच गहू बंद करा. आम्हाला एका हितचिंतकाने धान्ये बंद करून पाहा असे सांगितले होते, आम्ही दोन महिने तसे केले, आणि तपासणी करायची वेळ आली तेव्हा अहवालावर विश्वास ठेवता येईना, कारण या तपासणीत रक्तातली जी प्रतिपिंडे शोधतात, ती गहू खाणे थांबले की कमी होत जातात. निदानासाठी तिला पुन्हा काही आठवडे चपाती द्यावी लागली. पोट धरून रडणाऱ्या मुलीला मी माझ्या हाताने चपाती भरवत होते. ते दिवस मी विसरू शकत नाही.

तिला वाढदिवसाला केक नाकारावा लागतो, तेव्हा ती काय बोलते ते सांगते. "मला चालत नाही" असे ती म्हणते. "हे वाईट आहे" असे ती म्हणत नाही, कारण समोरची मैत्रीण तोच केक खात असते. हे वाक्य आम्ही तिच्याकडून घोकून घेतले आहे.

रत्नागिरीची_आजी

माझे वय अडुसष्ट आहे आणि नातीने मला या संस्थळावर आणले. अबोली, तुमच्या सासूबाई त्या दिवशी का जेवल्या नाहीत, हे मला चांगले कळते. तो घास मुलाला भरवायचा म्हणून त्यांनी उचलला होता, आणि तो आजाराचा ठरला.

पण मला दुसरेच काही सांगायचे आहे. तुमच्या यजमानांचे जेवण तुमच्या सासूबाईंना अनोळखी नाही. भाद्रपद शुद्ध पंचमीला, गणपती बसल्याच्या दुसऱ्या दिवशी, आम्ही ऋषिपंचमी करतो. त्या दिवशी बैलाच्या श्रमाचे काही खायचे नाही, म्हणजे नांगरलेल्या जमिनीतले धान्य नाही, डाळ नाही. परसात हाताने लावलेले आणि आपोआप उगवलेले तेवढे चालते. अळू, लाल माठ, सुरण, पडवळ, भोपळा, भेंडी, अंबाडी आणि चिंच घालून ऋषीची भाजी होते. माझ्या सासूबाई त्यात तेलसुद्धा घालत नसत. आदल्या दिवशी तांदळाच्या पिठीचे मोदक आणि दुसऱ्या दिवशी बिनधान्याचे जेवण, असे दोन्ही एकाच घरात, एकाच चुलीवर व्हायचे. मोदक खाल्ला म्हणून कोणी आजारी पडेल असे कोणाला वाटले नाही आणि ऋषीची भाजी खाताना कोणाला उपाशी वाटले नाही.

मुलाला आजीजवळ बसवा आणि ही भाजी दोघांना मिळून निवडू द्या. अळूची देठे सोलताना हाताला खाज सुटते, तेव्हा हाताला चिंच चोळायची असते, हे त्याला त्यांच्याकडून शिकू द्या.

वेंगुर्ला_बंदर

आजी, तुमचे वाचून आईची आठवण आली. आमच्याकडे थंडीत करांदे आणि कणगी उकडत, उन्हाळ्यात फणसाच्या आठळ्या निखाऱ्यावर भाजत आणि मांदेली कुरकुरीत तळून काट्यासकट खात. हे सगळे पॅलिओच्या यादीत बसते. पण त्याच ताटात भाताची मूदही असायची आणि माशाची आमटी त्या भातावरच पडायची. गोदाकाठ यांनी लहान माशांचा उल्लेख केला आहे. मुलांना मांदेलीची सवय लावायची असेल तर ती चांगली कडक होऊ द्यावी, म्हणजे काटा टोचण्याची भीती राहत नाही.

निळी_शाई

मी मुलांची आई नाही. मी अशा घरातली मुलगी आहे, म्हणून लिहिते.

माझ्या लहानपणी पॅलिओ हे नाव इथे कोणाला ठाऊक नव्हते, पण वडील आहाराविषयी अतिशय काटेकोर होते. साखर विष, मैदा विष, तळलेले विष. ते चुकीचे होते असे मी म्हणणार नाही. त्यांचे वडील मधुमेहाने पाय गमावून गेले होते आणि वडिलांना आमच्याबद्दल भय वाटत होते. ते भय त्यांनी कधी बोलून दाखवले नाही, आम्हाला फक्त याद्या दिल्या. तेरा वर्षांची असताना मैत्रिणीकडे मी दोन बर्फी खाल्ल्या आणि घरी येऊन घशात बोटे घातली. पुढची सहा वर्षे ते चालू राहिले. त्यातून बाहेर यायला मला मानसोपचारतज्ज्ञांची मदत घ्यावी लागली.

अबोली, तुमच्या मुलाचे वाक्य वाचून मी थोडा वेळ स्क्रीनपासून दूर गेले. तो आजीशी उद्धटपणे वागला, असे कृपया समजू नका. बाबा आजारी पडतील याची त्याला भीती वाटली असावी, आणि आता छोटीही पडेल असे त्याला वाटते आहे. त्याला आधी विचारा की तो कशाला घाबरला आहे.

मेलबर्नकर

निळी शाई, हे लिहिलेत याबद्दल मनापासून आभार. मी आज रात्री माझ्या मोठीशी बोलणार आहे. ती आता चौदा वर्षांची आहे आणि नियमांच्या बाबतीत माझ्याहून कडक आहे. आजवर मला त्याचा अभिमानच वाटत होता.

गोदाकाठ

एलिन सॅटर या अमेरिकन आहारतज्ज्ञांनी मांडलेली एक विभागणी मी माझ्याकडे येणाऱ्या पालकांना नेहमी सांगते: ताटात काय, कधी आणि कुठे वाढायचे ते पालकांनी ठरवावे, त्यातले खायचे की नाही आणि किती खायचे ते मुलाने. या विभागणीत पदार्थाला चांगला किंवा वाईट म्हणण्याची वेळच येत नाही. निळी शाई यांच्या प्रतिसादानंतर आकड्यांत भर घालण्यासारखे माझ्याकडे काही नाही.

अबोली

उत्तर द्यायला तीन आठवडे लागले, याबद्दल क्षमस्व. हा सगळा धागा मी नवऱ्याला मोठ्याने वाचून दाखवला. निळी शाई यांच्या प्रतिसादापाशी त्याने मला थांबायला सांगितले.

त्याच रात्री तो मुलाशेजारी जाऊन बसला. मी दाराशी होते. त्याने विचारले, "तुला कसली भीती वाटते?" बराच वेळ मुलगा काही बोलला नाही. मग म्हणाला, "तुमचा रिपोर्ट आला तेव्हा आई स्वयंपाकघरात रडत होती आणि तुम्ही म्हणालात, भाताने केले." तो दिवस मला आठवतो. मुलगा तेव्हा झोपला आहे असे आम्ही धरून चाललो होतो. नवऱ्याने त्याला सांगितले, "माझे शरीर भाताचे काम आता नीट करू शकत नाही, म्हणून मी थांबलो. तुझे शरीर ते उत्तम करते. उद्या तुझ्यासमोर माझी साखर तपासतो, आकडा तूच वाच." सकाळी मुलाने आकडा वाचला, 94, आणि तो वहीत लिहून ठेवला. आता रोज सकाळी तो विचारतो.

आम्ही असे ठरवले आहे की भाजी, मासे, अंडी, कोशिंबीर हे सर्वांचे एकच राहील. भात, भाकरी, वरण आणि दही मुलांच्या व सासूबाईंच्या ताटात असेल आणि त्याबद्दल ताटावर कोणी काही बोलणार नाही. बिस्किटे आणि खोक्यातले रस मात्र सर्वांसाठीच बंद झाले आहेत. सासूबाईंनी त्यावर काही आक्षेप घेतला नाही, कारण बिस्किटे त्यांना कधीच आवडली नव्हती. मुलांची उंची आणि वजन मोजून आणले आहे. दोघेही तक्त्यावर ठीक आहेत.

घासाचे अजून जमलेले नाही. मुलगा भात खातो, पण स्वतःच्या हाताने, आणि सासूबाईही पुढे घास नेत नाहीत. रत्नागिरीच्या आजी, ऋषिपंचमीला अजून अवकाश आहे, पण काल मंडईतून सुरण आणला. मागच्या वेळी तो सगळ्यांच्या घशाला खाजला होता. तो कसा शिजवावा, हे सांगाल का?

रत्नागिरीची_आजी

हाताला गोडेतेल लावून जाड साल काढा, फोडी करा आणि चिंचेच्या कोळात अर्धा तास ठेवा. मग ते पाणी टाकून द्या आणि नव्या पाण्यात चार आमसुले घालून मऊ होईपर्यंत उकडा. अर्धवट शिजलेला सुरणच खाजतो. फोड शिजली की नाही, ते सासूबाईंना बोटांनी दाबून पाहायला सांगा. त्यांना बरोबर कळेल.